पंप शेवटी : अंगणातलं तळं, गाळणी आणि मासे

निपाणीच्या बाजूला वेदगंगा किंवा दूधगंगेच्या काठाने गेलं की उसाच्या मळ्यांच्या कडेला, नदीला लागून, जॅकवेल दिसतात. जमिनीत खोल उतरलेली काँक्रीटची गोल विहीर, तिच्यावर पंपघर आणि तिथून वर माळाकडे निघालेली पाइपलाइन. नदीचं पाणी तळाकडच्या पाइपातून आपोआप या विहिरीत येतं आणि नदीच्याच पातळीला उभं राहतं. मोटर उपसते ते विहिरीतलं पाणी. नदीची आणि मोटरची थेट गाठ पडत नाही. पुरात वाहून येणारी जलपर्णी, बाभळीच्या फांद्या, गाळ, मासे यांतलं काही पात्यापर्यंत पोचू नये आणि उन्हाळ्यात नदी खाली गेली तरी उपसा चालू राहावा, अशा दोन गरजांतून ही रचना रुळली. सीमाभागातल्या शेतकऱ्याला ती कोणी शिकवावी लागत नाही.

ही पुस्तिका त्याच जॅकवेलला लहान करून घराच्या परड्यात आणण्याबद्दल आहे.

नंदगडसारख्या गावात घरामागे परडं असतं, विहिरीला पाणी असतं आणि जून ते सप्टेंबर आभाळ हात आखडत नाही. त्यामुळे लहान तळं करण्याची हौस इथे शहरापेक्षा सहज भागते. जांभ्याच्या चिऱ्यांचे तीन-चार थर, आत सिमेंटचा गिलावा किंवा जाड प्लास्टिक, कमळाचे दोन कंद, डास होऊ नयेत म्हणून आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी मासे आणि मुलांच्या हट्टापायी घेतलेले चार गोल्डफिश. इथपर्यंत सगळं जमतं. मग पाणी हिरवं होऊ लागतं, सकाळी मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. पाणी फिरतं ठेवा, असं कोणीतरी सांगतं आणि बाजारातून एक लहान पाण्यात बुडणारा पंप येतो. तो तळाशी ठेवला जातो. काही दिवसांत एखादा गोल्डफिश पंपाच्या तोंडाला चिकटलेला सापडतो, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. गप्पीची पिल्लं तर सापडतच नाहीत, ती पात्यातून पार गेलेली असतात.

मग उपाय सुरू होतात. मच्छरदाणीचा तुकडा पंपाच्या तोंडावर रबराने बांधतात. शेवाळ त्या तुकड्यावर भराभर साचतं, कारंजं बसतं, पंप तापतो. जाळी काढली की मासे जातात, ठेवली की पंप जातो. बहुतेक तळी याच टप्प्यावर सोडून दिली जातात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे डासांची पैदास होते. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण नुकसान मूळ रचनेतलं आहे आणि ती रचना पहिल्या दिवशीच बरोबर करता येते. तिला फार पैसेही लागत नाहीत.

उपसा आणि मासा यांचं वैर तसं नवंच आहे. विहिरीवर मोट चालायची तेव्हा चुकून मासा मोटेत आला, तर तो थारोळ्यात पडायचा आणि पाटातून उड्या मारत शेतात जायचा. त्याला इजा करील असं त्या वाटेवर काहीच नव्हतं. फिरतं पातं आलं आणि गोष्ट बदलली. या बदलाचा एक धागा बेळगावातूनच जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे इथेच लोखंडी नांगर बनवले, आणि १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानातल्या माळावर हलला तेव्हा किर्लोस्करवाडी वसली. १९२० च्या दशकात तिथे पंप तयार होऊ लागले. नंतरच्या काही दशकांत गावोगावची मोट बंद पडली.

आपल्या घरगुती पंपातही तेच तत्त्व आहे. मिनिटाला २,८०० ते ३,००० फेरे घेणारं पातं पाणी मधून खेचतं आणि कडेने बाहेर फेकतं. त्या वेगात अंगठ्याएवढ्या माशाचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. विहिरीवर मोटर बसवताना शेतकऱ्यांनी हे ओळखलं होतं. सक्शन पाइपच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह असतो, त्याला भोकांची चाळणी असते. पण ज्यांच्या विहिरीत पालापाचोळा आणि मासे जास्त, ते फुटव्हॉल्व्हला आणखी एक बांबूची टोपली किंवा भोकं पाडलेला मोठा डबा घालतात. त्या टोपलीत एक मोलाची गोष्ट आहे: टोपली आणि चाळणी यांच्यामध्ये राहिलेली मोकळी जागा. मच्छरदाणी पंपाच्या तोंडाला घट्ट बांधणाऱ्याकडून नेमकी हीच जागा सुटते.

का, ते समजून घेण्यासाठी माशाकडे पाहावं लागतं.

आमच्याकडे मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, की ओढ्यातून भाताच्या खाचरांत मासे चढू लागतात. चढणीचे मासे धरायला माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात उतरतात. येणाऱ्या पाण्याला तोंड देऊन पोहणं ही माशाची जात आहे. तळ्यातल्या माशालाही पंपाची ओढ जाणवली, की तो ओढीकडे पाठ करतो आणि उलट दिशेने पोहू लागतो. तो सुटतो की खेचला जातो, हे ओढीचा वेग आणि त्याचा दम यांवर ठरतं. ढोबळ मानाने मासा स्वतःच्या लांबीच्या दोन-तीन पट अंतर दर सेकंदाला कापत बराच वेळ पोहू शकतो. सात सेंटिमीटरचा सडपातळ गोल्डफिश सेकंदाला पंधरा-वीस सेंटिमीटरची ओढ सोसेल. लांब शेपटीचा, गोल पोटाचा शोभेचा गोल्डफिश त्याहून बराच कमी. आणि गप्पीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू सहा ते आठ मिलिमीटरचं असतं, त्याची झेप सेकंदाला दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपास संपते.

म्हणून जाळीच्या भोकाचा आकार हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. भोक बारीक केलं की मासा आत जात नाही हे खरं, पण पाण्याला वाट कमी उरते, उरलेल्या वाटेतून ते जास्त वेगाने घुसतं आणि मासा जाळीवर दाबला जातो. सुटायची धडपड करत तो थकून तिथेच मरतो. मोठ्या उपशांच्या जगात हे फार पूर्वी कळलं. अमेरिकेत वीजकेंद्रांच्या थंड पाण्यासाठी नद्यांतून आणि समुद्रातून प्रचंड उपसा होतो. तिथल्या पर्यावरण खात्याने २०१४ मध्ये जे नियम केले, त्यांत जाळीतून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा फूट, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरच्या आत ठेवणं हा मासे वाचवण्याचा एक मान्य मार्ग ठरवला आहे. नियम जाळीपाशी थांबत नाही, वेगावर बोलतो. आपल्या तळ्यात मात्र गप्पीची पिल्लं असतील तर त्या वेगाच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यावर यावं लागेल. ऐकायला हे अवघड वाटतं, हिशेबात ते अगदी सोपं निघतं.

तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल तळं घेऊ. त्यात ३,००० लिटर पाणी बसतं. तासाला एकदा सगळं पाणी फिरावं असं धरलं, तर पंप तासाला ३,००० लिटरचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३० मिलिलिटर. पंपाचं तोंड २५ मिलिमीटरचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस सेंटिमीटर भरतं आणि तिथे पाण्याचा वेग सेकंदाला १७० सेंटिमीटर होतो. या ओढीतून कोणताही शोभेचा मासा सुटणार नाही. आता तोच पंप भाजी मंडईतल्या मोठ्या प्लास्टिकच्या क्रेटखाली ठेवा, क्रेट पालथी घाला आणि तिच्याभोवती बारीक नायलॉनची जाळी ताणून बांधा. क्रेटच्या चार बाजू मिळून पाच हजार चौरस सेंटिमीटरच्या घरात जातात. क्रेटचं प्लास्टिक आणि जाळीचे धागे वजा केले तरी तेराशेच्या आसपास मोकळी वाट राहते. वेग येतो सेकंदाला साधारण साडेसहा मिलिमीटर. गप्पीचं पिल्लू त्या जाळीला तोंड लावून शेवाळ खात बसू शकतं.

पंप तोच, विजेचं बिल तेवढंच, आणि ओढ अडीचशे पटींनी कमी. ज्यांचं तळं आधीच बांधून झालेलं आहे, त्यांनी निदान एवढं आजच करावं.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. क्रेटच्या आत पंप एका कोपऱ्यात सरकला तर त्या कोपऱ्याच्या जाळीतूनच बहुतेक पाणी येतं आणि बाकीची जाळी नावापुरती उरते. म्हणून पंप मधोमध बसवावा, किंवा पंपाच्या तोंडाला हातभर लांबीचा, सगळीकडे भोकं पाडलेला पाइप जोडावा, म्हणजे ओढ वाटली जाते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. वरचा हिशेब स्वच्छ जाळीचा आहे. जाळी अर्धी तुंबली की उरलेल्या भोकांतून वेग दुप्पट होतो, तीन चतुर्थांश तुंबली की चौपट. जाळीचं क्षेत्रफळ नेहमी तुंबलेल्या अवस्थेसाठी धरावं. वरच्या क्रेटमध्ये तीन चतुर्थांश जाळी बंद झाली तरी वेग अडीच सेंटिमीटरच्या जवळपास राहतो. मोठे मासे तेव्हाही सुरक्षित असतात, पिल्लांसाठी मात्र जाळी धुवायची वेळ टळून गेलेली असते. बाजारातल्या पंपाबरोबर येणारी मुठीएवढी चाळणी या कसोटीला उतरत नाही, आणि पंपाच्या खोक्यावर माशांसाठी सुरक्षित असं छापलेलं असलं तरी क्षेत्रफळाचा भागाकार स्वतः करून पाहावा असं माझं मत आहे.

एवढं झालं तरी पंप आणि मासे एकाच पाण्यात आहेत. जाळी फाटली, क्रेट कलंडली, कोणी साफ करताना उचलून बाजूला ठेवली, तर पुन्हा तेच. म्हणून नवं तळं बांधणाऱ्याने जॅकवेलकडे यावं.

तळ्याशेजारी, तळ्याच्याच पातळीला, जमिनीत दोन किंवा तीन टाक्या बसवायच्या. प्लास्टिकचे मोठे पिंप चालतात, विटांचे हौदही चालतात. तळ्याच्या तळातून निघालेला पाइप पहिल्या टाकीत येतो. ही गाळ बसण्याची टाकी: पाणी रुंद होतं, मंदावतं, माशांची विष्ठा आणि पानांचा भुगा खाली बसतो, आणि तळाची तोटी उघडली की तो गाळ थेट केळीच्या किंवा नारळाच्या आळ्यात जातो. तिथून पाणी दुसऱ्या टाकीत, गाळणीत. तिसऱ्या टाकीत पंप. पंपाने तिथलं गाळलेलं पाणी उपसलं की टाकीतली पातळी दोन-चार बोटं उतरते, आणि तो फरक भरून काढायला तळ्यातलं पाणी आपोआप इकडे सरकतं. पंप स्वच्छ पाणी तळ्याकडे परत ढकलतो, धबधब्यातून म्हणा, कारंज्यातून म्हणा. क्रम असा राहतो: तळं, गाळ, गाळणी, पंप. पंप शेवटी.

या रचनेवर माझा जीव जडायला एक कारण आहे. तिच्यात चूक झाली तरी ती मासा मारत नाही. तळ्याच्या तोंडावरची जाळी निघाली आणि एखादा मासा पाइपात शिरला, तर तो पहिल्या टाकीत जिवंत येऊन पोहत बसतो. तुम्ही त्याला ओंजळीने उचलून परत सोडता. पंपापर्यंत जायला त्याला गाळणीत भरलेल्या खापऱ्यांतून वाट काढावी लागेल, आणि ते बहुतेक माशांना शक्य नाही. शिवाय पंपाला कचरा लागत नाही, त्यामुळे तो जास्त वर्षं टिकतो.

पाइपाच्या जाडीबद्दल इथेच सांगतो, कारण गवंडी आणि प्लंबर दोघेही इथे हमखास पाइप बारीक घेतात. पंपाने ढकललेलं पाणी एक इंची पाइपातून जातं, पण आपल्या वजनाने सरकणाऱ्या पाण्याला मोठी वाट लागते, नाहीतर पंपाची टाकी रिकामी होते आणि पंप कोरडा फिरतो. तासाला ३,००० लिटरसाठी तीन इंची पाइप बरा: वेग सेकंदाला वीस सेंटिमीटरच्या आसपास राहतो, गाळ पाइपात बसत नाही आणि पातळीही फार उतरत नाही. चार इंची घेतला तर वेग निम्म्यावर येतो, मग पाइपातच गाळ साचू लागतो आणि तो अधूनमधून तोटी पूर्ण उघडून धुवावा लागतो. वीस सेंटिमीटरची ओढ लहान माशाला जड आहे, म्हणून पाइपाचं तळ्यातलं तोंड रुंद करायचं, त्यावर जाळीची मोठी टोपली बसवायची. हिशेब वरच्या क्रेटसारखाच. पंपाच्या टाकीत फ्लोट स्विच बसवला की कोरड्या फिरण्याची भीतीही उरत नाही.

गाळणीत काय घालायचं, यावर पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, आणि ते सर्वांत मोठं आहे. बारीक वाळू घाला, असा सल्ला बहुतेक जण देतात. वाळूची गाळणी थोर आहे यात शंका नाही. जेम्स सिम्पसन यांनी १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी वाळूची मोठी गाळणी उभी केली आणि शहरांच्या पाणीपुरवठ्याला एक दिशा मिळाली. पण संथ वाळूगाळणीतून पाणी तासाला दहा-वीस सेंटिमीटरच खाली उतरतं. तासाला ३,००० लिटरसाठी किमान पंधरा चौरस मीटर वाळू लागेल, आणि आपलं तळंच मुळी सहा चौरस मीटरचं आहे. लहान टाकीत वाळू भरली तर ती लवकरच घट्ट होते, पाणी अडतं, आणि पुन्हा पंपाची ओढ वाढते.

तळ्याच्या गाळणीचं खरं काम घाण अडवण्यापेक्षा जिवाणूंना घर देण्याचं आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते नायट्रेट कमळ, कर्दळ, अळू खाऊन टाकतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत, कशाला तरी धरून राहतात. त्यांना खरबरीत, भेगाळ, मोठा पृष्ठभाग हवा आणि त्यावरून सतत प्राणवायूचं पाणी वाहायला हवं. नव्या गाळणीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे थोडेच ठेवावेत आणि खाद्य चिमटीनेच द्यावं.

इथे खानापूर तालुक्याचं भाग्य कामाला येतं. मलप्रभेच्या खोऱ्यातली माती भाजून कौलं, विटा आणि मडकी करण्याची इथली परंपरा जुनी आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय कुंभारकाम संस्थाही खानापुरातच आहे. मोठ्या शहरातला हौशी माणूस महागड्या चिनी मातीच्या सच्छिद्र नळ्या विकत आणतो, आपल्या परड्यात उतरवलेल्या जुन्या कौलांचा ढीग पडलेला असतो. चांगलं भाजलेलं मंगळुरी किंवा नळीचं कौल फोडून दोन ते चार सेंटिमीटरचे तुकडे करावेत, भुगा पूर्ण निघेपर्यंत धुवावेत आणि गाळणीत भरावेत. कच्चं भाजलेलं कौल मात्र पाण्यात विरघळून चिखल होतं. तुकडा बादलीत आठवडाभर भिजवून, मग नखाने खरवडून पाहिलं की कळतं. जांभ्याचे तुकडे काही जण घालतात. मऊ जांभा झिजून पाणी तांबडं करतो, म्हणून मी तो टाळायला सांगतो.

आणखी एक गोष्ट इथल्या पाण्याची. तांबड्या मातीतून आणि जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, त्यात चुन्याचा अंश कमी. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातला क्षार वापरून टाकतात, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम. मऊ पाण्यात ही शिल्लक लवकर संपते, पाणी आंबट होतं आणि गाळणी आतून हळूहळू थंडावते. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं आणि मासे मरतात. उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. बेळगावच्या मासळी बाजारात गोव्याकडून तिसऱ्या येतात. खाऊन झाल्यावर शिंपले उकळून, वाळवून, पिशवीभर गाळणीत ठेवावेत. ते आपल्या गरजेप्रमाणे विरघळत राहतात. याउलट नव्या सिमेंटच्या तळ्यात पहिले काही आठवडे चुना फार असतो. त्या पाण्यात थोडा अमोनियाही जास्त विषारी होतो: २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ९ ला तो एक तृतीयांशाच्या वर जातो. म्हणून नवं तळं भरून, उपसून, पुन्हा भरून, चुना पुरता निघाल्याशिवाय त्यात मासा सोडू नये.

आता पावसाळा. बाहेरच्या पुस्तकांत तळ्यातलं जादा पाणी बाहेर काढणाऱ्या सांडव्याला दोन ओळी मिळतात. खानापूरच्या पश्चिमेला जावं तसा पाऊस वाढत जातो, आणि आषाढात तळं भरून वाहतंच. तळ्यातले मासे सर्वांत जास्त जातात ते सांडव्याच्या वाटेने. चढणीचा स्वभाव इथे उलट्या बाजूने नडतो: तळ्याबाहेर पाणी वाहतंय हे कळलं, की काही मासे ती वाट शोधतातच. सांडव्याचं तोंड हातभर रुंद हवं, त्यापुढे तिरपी जाळी हवी, आणि जाळी पानांनी भरली तर पाणी वरून जाऊ शकेल अशी दुसरी, थोडी उंच, तीही जाळीदार वाट हवी.

हे मासे वाचवण्यापुरतं मर्यादित नाही. परड्यातून निसटलेला मासा गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला लागतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई याच तालुक्याच्या जंगलातून निघते, भीमगडचं अभयारण्य आपल्या उशाशी आहे. या ओढ्यांतले लहान मासे सह्याद्रीचे स्वतःचे आहेत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या बाजूचा, चिलापी आफ्रिकेचा. उजनीच्या जलाशयात चिलापीने देशी माशांची काय गत केली हे भीमेकाठच्या मच्छीमारांना विचारावं. काचेच्या टाक्यांत ठेवतात तो सकरमासा तर तळ्यात सोडूच नये. एका घराच्या सांडव्याची जाळी ही एका ओढ्याची राखण आहे, असं मी मानतो. वाळणकोंडीला काळ नदीत, तिळशाला वैतरणेत, शृंगेरीला तुंगेत माणसांनी श्रद्धेने मासे राखले आहेत. तिथल्यासारखी निष्ठा आपण निदान आपल्या सांडव्याला तरी द्यावी.

पावसाळ्याचा दुसरा त्रास म्हणजे लाईट जाणं. झाड तारांवर पडलं की दिवसदिवस वीज नसते. पंप थांबला की गाळणीतलं पाणी थांबतं, काही तासांत तिथला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात आणि कुजलेल्या अंड्याचा वास धरतो. वीज आली की पंप ते घाण पाणी तळ्यात लोटतो. म्हणून पंपाच्या पाइपाला एक तोटी फुटलेली असावी. दीर्घ काळ वीज गेली असेल, तर पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी आळ्यात सोडावं, मगच तळ्याकडे वळवावं. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी त्यावर पंपाऐवजी पाच-सहा वॅटचा हवेचा पंप जोडावा. पाण्यात उभ्या ठेवलेल्या पाइपाच्या तळाशी बारीक नळीने हवा सोडली, की बुडबुडे वर जाताना पाणीही घेऊन जातात. या उपशात पातंच नाही. पिल्लं वाढवणारे लोक स्पंजाच्या गाळणीबरोबर हीच युक्ती वापरतात, आणि ज्यांना तळ्यात फक्त गप्पी ठेवायचे आहेत त्यांना दुसऱ्या कशाची गरजही पडू नये.

शेवटी माणसाबद्दल, कारण पाणी, मुलं आणि २३० व्होल्टचा पंप एकत्र येतात. पंपाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवावा, अर्थिंग तपासून घ्यावं, आणि तळ्यात हात घालण्याआधी प्लग काढावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरीला पाण्याखाली जोड नको. जुना तेलाचा बुडीत पंप घेऊ नये, सील गेलं की तेल पाण्यावर पसरतं आणि एका रात्रीत तळं संपतं. पंप वेगळ्या टाकीत असण्याचा फायदा इथेही आहे: ज्या पाण्यात मूल हात बुडवतं, त्या पाण्यात वायर उतरलेली नसते.

पुढची प्रकरणं कामाच्या क्रमाने लिहिली आहेत: जागा, खोदाई, पाइप, टाक्या, गाळणी, झाडं, मासे. आकृत्यांतली मापं वरच्या ३,००० लिटरच्या तळ्याची आहेत. तुमचं तळं मोठं असेल तर पाणी आणि जाळीचं क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढवा. खोदायच्या आधी कागदावर तीन आकडे लिहून ठेवा: तळ्यात किती लिटर पाणी बसेल, तासाला किती फिरवायचं आहे आणि तुमच्या तळ्यातला सर्वांत लहान मासा किती मिलिमीटरचा असेल. तिसऱ्या प्रकरणातला तक्ता या तीन आकड्यांवरून जाळी किती मोठी हवी ते सांगतो. पंपाच्या दुकानात त्यानंतर जावं.

नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव